वीस मिनिटं उकळलेलं पाणी

सोमवार, ३ मार्च

दाताची डॉक्टर माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी शाळेत असेल! केसांचा बुचडा डोक्यावर, पायात कापडी बूट, आणि बोलण्यात साठ वर्षांचा अधिकार. भुंगीला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर आणला आणि मला म्हणाली, 'आजी, जरा बाजूला. उजेड अडतोय.' मी हिची आजी कधी झाले?

भुंगी म्हणजे माझी नात. आठ वर्षांची. दिवसभर कानाशी गुणगुणत असते म्हणून भुंगी. तिचे वरचे पुढचे दोन दात, नवे, पक्के. त्यांच्यावर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा आणि मधोमध एकेक तपकिरी डाग. मी सहा महिने सांगत होते की पोरगी दात नीट घासत नाही. सून म्हणत होती, घासते. आज निकाल लागला. सून जिंकली.

'हे घासून जाणार नाही,' डॉक्टर म्हणाली. 'डाग आतूनच आलेत. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की असं होतं. दात हिरडीच्या आत तयार होत असतात ना, तेव्हा. पहिली तीन-चार वर्षं ही कुठे राहायची?'

साधा प्रश्न. पाण्याची ती छोटी नळी तेवढी चुळचुळ करत होती.

'दिवसभर आईंकडे,' सून म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. बघून म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी म्हटलं, 'मी त्या घरात तीस वर्षं तेच पाणी पितेय. माझे दात बघा.' आणि आ केला. डॉक्टरने सभ्यपणे बघितलं. 'छान आहेत. पण तुम्ही तिथे राहायला आलात तेव्हा तुमचे दात तयार होऊन बसले होते.'

खुर्चीतून भुंगी म्हणाली, 'आजी, तोंड मिट ना.'

दात मजबूत आहेत म्हणे. दुखणार नाहीत, पडणार नाहीत, फक्त दिसणार. मोठी झाली की वरून झाकता येतील. दाराशी पोचलो तर मागून म्हणाली, 'हिच्या धाकट्या भावाच्या पाण्याची मात्र आतापासून काळजी घ्या हं.'

हे सुनेला म्हणाली. मी तिथे उभी होते, छत्रीसारखी, कोणीतरी विसरून गेलेली.

मंगळवार, ४ मार्च

आरशासमोर अर्धा तास. बत्तीसपैकी सत्तावीस हजर. एकावरही डाग नाही. पण हा पुरावा बाद झालेला आहे, हे लक्षात आल्यावर आरसा पुसून ठेवला.

गुरुवार, ६ मार्च

चिरंजीव आले. एकटेच. समोरच्या इमारतीतून इथे यायला दोन मिनिटं लागतात, याने दहा लावली असावीत. सोफ्यावर टेकल्यावर पहिलं वाक्य, 'आई, तू रागावणार नाहीस ना?' चाळीस वर्षांच्या पुरुषाने असं विचारलं की समजावं, हा निरोप्या आहे.

एक एप्रिलला सूनबाईंची रजा संपते. धाकटा तेव्हा आठ महिन्यांचा होईल. त्याने दिवसभर माझ्याकडे राहायचं, हे तो पोटात असल्यापासून ठरलेलं. पाळण्याचे खिळे मी स्वतः ठोकून घेतले आहेत. खिडकीला जाळी लावली. पंचावन्न मिनिटं रोज चालते, का, तर त्याला उचलून जिना चढता यावा.

'तिने एक पाळणाघर बघितलंय,' चिरंजीव म्हणाले. 'स्वच्छ आहे. कॅमेरे आहेत.'

'कॅमेऱ्याला कडेवर घेता येतं का?'

'आई...'

'स्पष्ट बोल. माझ्या पाण्याचं कारण आहे ना?'

'तिचं म्हणणं, भुंगीचं झालं ते झालं. परत नको. आमच्याकडे ते फिल्टरचं मशीन आहे, तुझ्याकडे नाही. आणि तू लावून घेणार नाहीस.'

नाहीच घेणार. ते मशीन एक तांब्या पाणी देतं आणि दोन तांबे मोरीत सोडतं. भिंतीवर बसून सुस्कारे टाकतं. मी त्याला जावयासारखं का सांभाळू?

जाताना म्हणाला, 'तू मनाला लावून घेऊ नकोस.' म्हणजे काय? मनाला नाही तर कशाला लावू, भिंतीला?

शुक्रवार, ७ मार्च

माझ्या पाण्याबद्दल बोलतात!

लिहून ठेवते. मी चौदा वर्षांची होते. कॉन्व्हेंटचं वसतिगृह, ओळीने बावीस खाटा. त्या वर्षी विषमज्वराची साथ आली. माझ्या उजव्या हाताच्या खाटेवरची मुलगी, तिच्या वेणीला नेहमी शाईचा वास यायचा. तिला घरी नेलं. तिची गादी गुंडाळून ठेवली आणि ती तशीच राहिली. त्यानंतर स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्याशी सिस्टर स्वतः उभी राहायची, हातात घड्याळ घेऊन. पाणी खळखळायला लागलं की तिथून वीस मिनिटं. एकोणीस नाही. कोणी कुरकुर केली की म्हणायची, 'देवाला घाई नाही, तुम्हाला कसली?'

तेव्हापासून मी न उकळलेला थेंब घशाखाली घातलेला नाही. चिरंजीव याच पाण्यावर वाढले. बरं, ते जन्मले त्या गावात पाणी नदीचं होतं, पण उकळलं मीच. भुंगी तीन महिन्यांची असल्यापासून साडेतीन वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे होती. तिच्या पावडरच्या दुधाला, तिच्या भाताला, तिच्या औषधाला, सगळ्याला हेच पाणी. मोठं पातेलं काठोकाठ भरायचं, झाकण न ठेवता वीस मिनिटं, कधी लहान मूल म्हणून तीस. अर्धं उरायचं. बुडाला पांढरा थर बसायचा, तो मी चिंचेने घासून काढायचे आणि मनात म्हणायचे, बघा, एवढी घाण पोटात गेली असती.

सव्वातीन वर्षांत त्या पोरीला एकदाही जुलाब झाले नाहीत. एकदाही! हे कोणी सांगत नाही. पोट बिघडलं नाही याचं प्रमाणपत्र मिळत नाही. दातावर डाग पडला की मात्र लगेच चौकशी.

रविवार, ९ मार्च

बातमी फुटली. खालच्या मजल्यावरची आकाशवाणी वर आली. तिला मी हे नाव दिलंय त्याला वीस वर्षं झाली, अजून प्रक्षेपण बंद नाही. तिचा नवरा इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी, त्यामुळे तिच्या बातम्यांना सरकारी शिक्का असतो.

'फ्लोराइड ना? अहो, ते मुद्दाम घालतात,' आकाशवाणी म्हणाली. मोबाईल पुढे केला. त्यात एक टकलू गृहस्थ पांढरा कोट घालून सांगत होता की फ्लोराइडने माणसं आज्ञाधारक होतात, म्हणून वरचे लोक ते पाण्यात मिसळतात.

मी म्हटलं, 'आपल्या दोन्ही इमारतींचं पाणी एकाच बोअरवेलचं. दोनशे फूट खालून येतं. तिथे जाऊन कोण मिसळतं?'

'तेच तर कळत नाही ना!'

'आणि आज्ञाधारक म्हणाल तर, गेल्या सभेत तुमचे यजमान म्हणाले कुंड्या हलवा, आणि एकानेही कुंडी हलवली नाही. मग पाण्यात घातलेलं गेलं कुठे?'

ती हसली नाही. तिने तीन उपाय सांगितले. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा. पाण्यात तुरटी फिरवा. पाण्याशी प्रेमाने बोला. पहिल्या दोनांचं माहीत नाही, तिसऱ्याबद्दल सांगते: मी माणसांशी प्रेमाने बोलत नाही, पाण्याशी कुठून बोलू?

पण जाताना एक वाक्य टाकून गेली. 'तुमच्या सूनबाई पाळणाघराचा फॉर्म भरून येत होत्या, गेटपाशी भेटल्या. बिचारी रडवेली झाली होती हो.'

रडवेली? सही करताना तर माझ्या सुनेच्या पापणीचा केसही हलत नाही.

मंगळवार, ११ मार्च

सेक्रेटरींकडे गेले. विचारलं, बोअरच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? त्यांनी फायलीत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, 'पाणी अगदी पारदर्शक आहे, मॅडम.'

काचही पारदर्शक असते. खाऊन दाखवा म्हटलं.

'तपासणी केली आणि काही निघालं, तर फ्लॅटचे भाव पडतील,' सेक्रेटरी हळूच म्हणाले. हा माणूस पाण्यात काही सापडू देणार नाही. फायलीतही नाही.

ठीक. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजू, वजनं, मापं, पेट्रोलचे पंप. नमुना कसा घ्यावा हे मला कोणी शिकवायला नको. अहवाल मीच आणीन आणि सूनबाईंच्या हातात ठेवीन. कागद खोटं बोलत नाही.

बुधवार, १२ मार्च

नळ पाच मिनिटं सोडला. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली. काठोकाठ भरली, बूच, वर कागदाची पट्टी, पट्टीवर सही, तारीख, वेळ. बस बदलून प्रयोगशाळेत.

तिथल्या टेबलामागे जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. माझी सीलबंद बाटली तिने हातात घेतली, फिरवली, परत दिली. 'काचेची नको. फ्लोराइड काचेला लागतं, आकडा चुकतो. ही प्लास्टिकची घ्या आणि पुन्हा भरून आणा.'

एकतीस वर्षांत माझा नमुना कोणी परत केला नव्हता. मी तिला तसं सांगितलं.

'मग आज पहिल्यांदा,' भिंगवाली म्हणाली.

परत घरी, परत बस. दुपारी दोनला प्लास्टिकची बाटली तिच्या टेबलावर. मला ही बाई आवडली, हे इथे कबूल करते. तिला सांगणार नाही.

शनिवार, १५ मार्च

भुंगीच्या वर्गाचा फोटो आला. तीस मुलं दात काढून हसताहेत. एकजण ओठ घट्ट मिटून. मी फोटो उलटा ठेवला, मग सरळ ठेवला.

बुधवार, १९ मार्च

१.३!

लिटरला एक पूर्णांक तीन मिलिग्रॅम. मर्यादा दीड. खाली शिक्का, सही आणि ठळक अक्षरांत 'पिण्यास योग्य'. मी तो कागद तिथेच उभ्याने तीनदा वाचला. परीक्षेचा निकालही असा वाचला नव्हता.

भिंगवालीला म्हटलं, 'आता माझ्या सुनेला दाखवते. आणि हे तर नुसतं नळाचं. मी ते वीस मिनिटं उकळून देते मुलांना.'

तिने पेन खाली ठेवलं.

'झाकण ठेवून?'

'उघडं. रोगजंतू मरायला नकोत?'

'उकळून किती उरतं?'

'अर्धं. कधी त्याहून कमी.'

तिने अहवालातला आकडा पुन्हा बघितला. मग ड्रॉवरमधून आणखी एक प्लास्टिकची बाटली काढली. 'उद्या ते उरलेलं अर्धं घेऊन या.'

'कशाला? ते याच्यापेक्षा शुद्धच असणार.'

'आणा तर खरं.'

शनिवार, २२ मार्च

२.७.

शनिवार, २२ मार्च, संध्याकाळी

चहा दोनदा केला, दोनदा ओतून दिला. आता लिहिते.

भिंगवालीने खुर्ची दिली. आधी कधी दिली नव्हती, तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाली, 'आजी, दूध आटवलं तर त्यातली साखर कमी होते का?'

'नाही. घट्ट होते.'

'तसंच. उकळून जंतू मरतात. फ्लोराइड जिवंतच नाही, मरणार कसं? वाफ होऊन पाणी जातं, ते खाली राहतं. तुम्ही एका पातेल्यातलं फ्लोराइड अर्ध्या पातेल्यात देत होता.'

मी विचारलं, 'मग उकळायचंच नाही?'

'उकळायचं. झाकण ठेवून, एक-दोन मिनिटं. पुरतं.'

दोन मिनिटं. बावन्न वर्षं मी घड्याळ लावून उभी राहतेय आणि ही म्हणते, दोन मिनिटं.

नळाचंच दिलं असतं तर पोरीच्या दातांवर एखादी फिकट रेघ आली असती, कदाचित तीही नाही, असं तिचं म्हणणं. डाग माझ्या मेहनतीचे. कोणी आळशी आजी असती तर भुंगी आज फोटोत हसली असती.

दोन अहवाल आहेत. एक १.३ चा, एक २.७ चा. दुसऱ्यावर 'नमुना क्रमांक दोन, घरी प्रक्रिया केलेला' असं लिहिलंय. दुसरा आहे हे भिंगवालीखेरीज कोणालाही माहीत नाही. आणि ती माझ्या सुनेला ओळखत नाही.

रविवार, २३ मार्च

सगळे जेवायला आले. हात पुसायच्या आधी मी कागद टेबलावर ठेवला. एकच.

चिरंजीवांनी मोठ्याने वाचला. 'एक पूर्णांक तीन. पिण्यास योग्य!' मग बायकोकडे असं बघितलं जसं काही बोअरवेल यांनीच खणली. सून कागद घेऊन खिडकीशी गेली. वाचला. पुन्हा वाचला. तारीख बघितली, शिक्का बघितला. मला माहीत आहे ती कशी वाचते. मीही तशीच वाचते.

मग परत आली आणि म्हणाली, 'आई, माझं चुकलं.'

दहा वर्षं झाली लग्नाला. दहा वर्षांत हे तीन शब्द या तोंडून निघाले नव्हते. भांडं फुटलं तर भांडंच चुकलेलं असायचं. मी हा क्षण किती वेळा मनात बसवून ठेवला होता! त्यात मी उदारपणे हसत असे आणि म्हणत असे, 'जाऊ दे गं.'

म्हणाले. 'जाऊ दे गं.' आणि भाजीचं पातेलं उगाच पुढे सरकवलं.

'डॉक्टर म्हणाल्या आणि मी लगेच तुमच्यावर ढकललं,' सून म्हणाली. 'तुम्ही तिचं किती केलंत ते मी बघितलंय. मी ऑफिसातून यायचे तेव्हा तुम्ही गॅसपाशी उभ्या असायचात, घड्याळ बघत.'

'बास गं आता.'

'मग दात कशाने झाले?' हे भुंगीने विचारलं.

'टूथपेस्ट गिळत असशील लहानपणी,' मी म्हटलं. किती पटकन सुचलं! 'स्ट्रॉबेरीची होती ना ती.'

'मी गिळायचे?' भुंगीने आईला विचारलं. आई म्हणाली, असेल. भुंगीने मान खाली घातली. म्हणजे आता दोष तिचा.

धाकटा एक तारखेपासून माझ्याकडे. पाळणाघराचा फॉर्म रद्द.

सोमवार, २४ मार्च

नोकरीत असताना बाजारात एक धान्यवाला होता. कपाळावर आठ्या नाहीत, आवाज लोण्यासारखा. त्याच्याकडे वजनांचे दोन संच. निरीक्षक आली की पितळी, शिक्क्याचे, चकचकीत. गिऱ्हाईक आलं की गल्ल्याखालचे, बुडाला भोक पाडून हलके केलेले. मी पकडलं तेव्हा म्हणाला, 'मॅडम, दाखवलेली वजनं तर खरीच होती ना?' मी त्या उत्तरावर वर्षभर हसले होते. खात्यातल्या सगळ्यांना सांगितलं होतं.

सांगायचं तात्पर्य, दुसरा अहवाल चादरींच्या कपाटात आहे. सगळ्यात खालच्या चादरीत.

आणि झालं काय त्यात? आता मला कळलंय ना. धाकट्याला झाकण ठेवून दोन मिनिटं उकळलेलं देईन. नाहीतर बाटलीबंद आणीन. मुलाला काही होणार नाही. मग सांगून मिळवायचं काय? सुनेच्या हातात काठी?

बुधवार, २६ मार्च

पाळण्यात गादी घातली. पुढची वर्षं डोळ्यांसमोर आली. तो चालायला लागेल, कपाटं उघडील, चादरी बाहेर ओढील. कागद दुसरीकडे ठेवायला हवा.

फाडून का टाकत नाही, हे स्वतःलाच विचारलं. उत्तर: सरकारी कागद मी आजवर फाडलेला नाही. खोटं उत्तर. प्रयोगशाळा खाजगी आहे.

गुरुवार, २७ मार्च

भुंगी शाळेतून थेट इकडे. दप्तर टाकलं, बेसिनपाशी गेली, दात घासायला लागली. दुपारी साडेतीनला. घासतेय, घासतेय. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी ब्रश ओढून घेतला.

'डॉक्टर म्हणाल्या ना, घासून जात नाहीत?'

'पण पेस्ट मी गिळली ना,' ती म्हणाली. 'म्हणून जास्त घासायचं. मी ठरवलंय.'

'कोणी सांगितलं तुला?'

'मीच मला शिक्षा दिली.'

मी तिला जवळ घेतलं. ती हसली, हात तोंडावर धरून. हाताआड हसायला ही पोरगी शिकली कधी? मी सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात सून घ्यायला आली. धाकटा तिच्या कडेवरून माझ्याकडे झेपावला, आणि मी तोंड मिटलं.

आपलेच दात, आपलेच ओठ.

शनिवार, २९ मार्च

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. भारी खुशीत. 'आई, तुझ्यासाठी बातमी आहे. ते मशीन परत केलं!'

'कसलं मशीन?'

'फिल्टरचं. भाड्याचंच होतं. तू म्हणतेस तसं निम्म्याहून जास्त पाणी वाया घालवत होतं. पाणी योग्य आहे हा अहवालच आलाय म्हटल्यावर कशाला? परवाच माणूस येऊन काढून घेऊन गेला.'

मी विचारलं, 'मग बाळाच्या दुधाला?'

मागून सुनेचा आवाज आला. तिने फोन घेतला. 'आई, तुमचीच पद्धत. मोठं पातेलं, झाकण नाही, वीस मिनिटं. मी मोबाईलवर गजर लावते. काल तर पंचवीस केली. म्हटलं, आता तुमच्याकडे यायचाच आहे तर त्याला आधीपासून त्याच पाण्याची सवय असू दे.'

थांबली, आणि म्हणाली, 'तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगितलं.'

मी म्हटलं, 'हं.' एकतीस वर्षं बाजारभर ज्या जिभेला लोक घाबरले, तिला एवढंच जमलं. हं. आणि फोन ठेवला.

तीन दिवस. दिवसाला पाच बाटल्या दूध. तो बोळक्या तोंडाचा, पण दात आत तयार होत असतात. हिरडीच्या आत. त्या कापडी बुटांतल्या मुलीने मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं.

आता चादरी खाली काढल्या आहेत. तो कागद टेबलावर आहे. त्याच्याकडे बघत बसलेय. सांगितलं की तो पाळणा रिकामा. याबद्दल मला शंका नाही, कारण तिच्या जागी मी असते तर मीही रिकामाच ठेवला असता.

रविवार, ३० मार्च

सकाळी सातला त्यांच्या दारात. पातेलं चढलेलं होतं. मी सरळ आत जाऊन गॅस बंद केला आणि दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. भुंगीला म्हटलं, तू काही गिळलं नव्हतंस, मी खोटं बोलले.

सून वाचत होती तोवर धाकटा माझ्याकडे होता. वाचून झाल्यावर तिने कागद खाली ठेवले आणि हात पुढे केले. मी धाकट्याला तिच्या हातात दिलं.